थोरल्याचं वय

पारखीसाहेबांनी खोलीत पाऊल टाकलं, पियानोसमोरचं गोल स्टूल पुढे ओढलं, त्यावर टेकले आणि लगेच उठून उभे राहिले.

"हे स्टूल या पियानोचं नाही," ते म्हणाले.

"स्टुलाचं राहू द्या हो," दादा म्हणाले. "तुम्ही पियानोचं सांगा."

"सांगतो. पण चुकीचं काही दिसलं की मला गप्प बसवत नाही. आमची मंडळी म्हणतात, हा माझा रोग आहे."

दाराला टेकून उभ्या असलेल्या आक्काला हा माणूस या एका वाक्यापुरता आवडला. बाकी तो जिना चढून आल्यापासून तिला त्याचं काहीच आवडलं नव्हतं. ना ती चामड्याची पेटी, ना खिशातला बारका टॉर्च, ना पियानोच्या कुशीवर टकटक करून डोळे मिटून ऐकण्याची तऱ्हा. कलिंगड घ्यायला आल्यासारखा!

पण बोलायची सोय नव्हती. शब्द तिनेच दिला होता. गेल्या महिन्यात दादांच्या घरी जेवणाच्या टेबलावर ती तडकून म्हणाली होती, "शंभर वर्षांहून जुना निघाला तर खुशाल घेऊन जा तुमच्या सभागृहात. आणि नाही निघाला तर पुन्हा माझ्या पियानोचं नाव काढायचं नाही." नव्या सभागृहाच्या दर्शनी दालनात एक मोठी काचेची पेटी रिकामी होती, तिच्यात ठेवायला काहीतरी पुरातन हवं होतं आणि दादा सभागृहाच्या समितीवर होते. पियानोखाली बाबांच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. पाटीवरचा मजकूरही दादांनी करून ठेवला होता.

काचेच्या पेटीतला पियानो कोणी वाजवत नाही, एवढंच आक्काचं म्हणणं होतं. आणि सोमवारी दुपारी तिची पोरं शिकायला येतात. येत्या सोमवारी सकाळीच सभागृहाचा टेम्पो येणार होता, पारखीसाहेब 'हो' म्हणाले तर.

"एक विचारू?" पारखीसाहेब झाकणाच्या आतल्या बाजूला टॉर्च मारत म्हणाले. "इथलं नाव कोणी पुसलं?"

झाकणाच्या आत एकेकाळी सोनेरी इंग्रजी अक्षरांत करणाऱ्याचं नाव होतं. आता त्यातलं शेवटचं 'अँड सन्स' एवढंच शिल्लक होतं. त्याआधी कोणाचं नाव होतं, तो आणि त्याची मुलं कुठली, काही पत्ता नव्हता.

"आमच्या आईने," डॉक्टर म्हणाला. हा धाकटा, दातांचा डॉक्टर. "रोज ओल्या फडक्याने पुसायची. डावीकडून सुरुवात करायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत कंटाळायची. म्हणून 'सन्स' वाचले."

"मला लहानपणी वाटायचं, ते आपल्याबद्दलच लिहिलंय," आक्का म्हणाली. "अँड सन्स. यात मुलीचा काही वाटा नाही."

"वाटा नाही म्हणे! चाळीस वर्षं तुझ्याकडेच आहे," दादा म्हणाले.

"म्हणून तर तुला बघवत नाही."

"आक्का, मी हे बाबांसाठी करतोय."

"करा, करा. बाबांना काचेत घाला."

"सुरू झालं," वहिनी म्हणाल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. त्या दादांच्या पक्षाला होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वेगळा पक्ष काढण्याचा उत्साह राहत नाही, असं त्या म्हणत. शिवाय आक्काबद्दल त्यांच्या मनात एक जुनी अढी होती. ती एका बाहीवरून पडली होती. नवी नवरी म्हणून आलेल्या वर्षी ती बाही घडली, आक्काने तिच्यावरून त्यांचं घरभर हसं केलं, आणि शेवटी दादांनी सगळ्यांना दम भरला की यापुढे माझ्या बायकोसमोर बाही हा शब्द निघता कामा नये. तेव्हापासून या घरात सदरे शिवले गेले, पोलकी शिवली गेली, पण बाहीचा उल्लेख कोणी केला नाही. फार तर 'हाताचा भाग' म्हणत.

पारखीसाहेब आता गुडघ्यांवर बसले होते. ते एकेक गोष्ट दाखवत होते आणि दादा वर्गातल्या हुशार मुलासारखे मान डोलवत होते.

"हे बघा. दोन्ही बाजूंना भोकं बुजवलेली दिसतात? इथे मेणबत्त्यांचे हात होते. दिवे नव्हते तेव्हा वाजवणाऱ्याला उजेड लागायचा ना."

"ऐकलंस आक्का? मेणबत्त्या!"

"मी बहिरी नाही."

"आणि हे," साहेबांनी डावीकडच्या चार पांढऱ्या पट्ट्यांवर उजेड पाडला. "प्रत्येक पट्टीवर एक केसाएवढी आडवी रेघ आहे. हस्तिदंताची चकती दोन तुकड्यांत बसवायचे, त्याचा हा जोड. बोट फिरवून बघा, कोरडं लागेल."

"डावीकडे कोरडं लागतं," आक्का म्हणाली. "उजवीकडे घामाने चिकटतं. मी पोरांना सांगते, उन्हाळ्यात उजव्या हाताला रुमाल जास्त लागतो."

"उजवा हात जास्त वाजवतो, म्हणून घामही जास्त," साहेब हसून म्हणाले आणि टॉर्च विझवला. उजवीकडच्या पट्ट्या त्यांनी पाहिल्याच नाहीत.

दादांची छाती मात्र फुगत चालली होती. या पियानोशी त्यांचं एक वेगळंच नातं होतं. तो घरात आला तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि घरातले थोरले होते. बाबांनी पियानोच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "हा तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे. आजपासून थोरला हा. तू दुसरा." बाबांनी गंमत केली होती, पण दादांनी ती गांभीर्याने घेतली. पुढे घरात पियानोचं नावच 'थोरला' पडलं. थोरल्यावर पाणी सांडू नका, थोरल्याला धक्का लावू नका. दादांना आयुष्यभर या लाकडी भावाचा धाक होता आणि त्याच्यासाठी काही करण्याची ओढही.

"हा तुमच्याकडे आला कुठून?" साहेबांनी विचारलं.

"एका जहाजाच्या कप्तानाकडून," दादा म्हणाले. "बाबांचं फर्निचर दुरुस्तीचं दुकान होतं. कप्तानाने बोटीवरून उतरवून दिला."

"कप्तान कुठला? नाटक कंपनीकडून," आक्का म्हणाली. "कंपनी मोडली, सामान विकायला काढलं. बाबांनी मला स्वतः सांगितलंय."

"काय सांगता?" डॉक्टर म्हणाला. "मला तर सांगितलं होतं, पत्त्यांत जिंकला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांना जाऊन वीस वर्षं झाली होती आणि या तीन गोष्टी एका खोलीत पहिल्यांदाच भेटत होत्या.

"तू शेंडेफळ," दादा डॉक्टरला म्हणाले. "तुला झोपवायला काहीही सांगायचे."

"त्यावरून वय ठरत नाही," साहेब म्हणाले. "लोखंडी चौकटीवर नंबर असतो, पण तुमच्याकडे कोणीतरी वर काळा रंग फासलाय. आता एकच उपाय. पट्टीच्या लाकडावर बघायचं. कारागीर तिथे पेन्सिलीने साल लिहून ठेवायचे. पट्ट्या काढाव्या लागतील."

"एक," आक्का म्हणाली.

"अहो, पण..."

"एकच. माझा पियानो सोलून काढायचा नाही. ती डावीकडची काळी पट्टी नाहीतरी अडकते. तीच काढा, निदान दुरुस्त तरी होईल."

"काळी म्हणजे किडलेली दिसते," डॉक्टर अस्तन्या सरसावत पुढे आला. "सरका साहेब. हे आमचं काम."

समोरची पट्टीवजा फळी काढली, आडवी कांबी उचलली आणि डॉक्टरने दोन बोटांच्या चिमटीत ती काळी पट्टी धरून हळूच हलवली. "दुखतंय का? दुखलं तर डावा हात वर करा," तो पियानोला म्हणाला. पट्टी सुटली. बाहेर दिसतो तो काळा तुकडा बोटाएवढा, पण त्याला जोडलेली लाकडी दांडी चांगली हातभर लांब निघाली.

"मुळं खोल होती," डॉक्टर म्हणाला.

पारखीसाहेबांनी ती खिडकीशी नेली. दांडीच्या कडेला निळ्या पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. साहेबांनी भिंग लावलं.

"नऊ," ते म्हणाले. "आणि आठ. आठाचं तोंड जरा वरून उघडं राहिलंय. घाईत लिहिलं की राहतं. अठ्ठ्याण्णव! म्हणजे अठराशे अठ्ठ्याण्णव. मेणबत्त्या, हस्तिदंत, सगळं जुळतं. अभिनंदन!"

दादांनी भिंग घेतलं. नऊ, आठ. डॉक्टरने घेतलं. नऊ, आठ. पियानो विलायती, नाव इंग्रजी, मग आकडा कोण दुसऱ्या कशात वाचणार? शेवटी आक्काने घेतलं. तिलाही नऊ आणि आठच दिसले. तिने पट्टी स्टुलावर ठेवली.

"चहा टाकते," ती म्हणाली आणि आत गेली.

"बाबा खरं बोलत होते," दादा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला, डोळ्याला लावला, पुन्हा काढून पुसला. "आजोबांच्या वयाचा, म्हणाले होते. त्याहून मोठा निघाला!"

"दादा, आक्का..." डॉक्टर स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला.

"तिच्या पोरांसाठी नवा घेतोय मी. विजेवर चालणारा. त्याला दोनशे तऱ्हेचे आवाज आहेत. पाऊससुद्धा पडतो त्यात."

"तिला पाऊस नकोय."

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी दातांचा डॉक्टर आहे. मला दोन्ही बाजू लागतात."

साहेबांनी पेटीतून कार्ड काढलं. त्यावर दोन ओळी छापलेल्या होत्या, करणाऱ्याचं नाव आणि साल. सालाच्या ओळीवर ते पेन टेकवणार, तेवढ्यात त्यांचं पेन रुसलं आणि ते झटकत बसले.

वहिनींना स्टुलावर तशीच टाकलेली पट्टी बघवेना. धूळ साचली होती. त्यांनी पदराने दांडी पुसायला घेतली आणि पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

हा निळा रंग त्यांना ओळखीचा होता. त्यांच्या सासूबाई घरी शिवणकाम करत आणि कापडावर खुणा करायला त्यांच्याकडे एक जाड निळी पेन्सिल असे. तिने त्या मापं लिहीत. आणि मापातला चार त्या काढत तो वरून उघडा, खाली गोल, पोट सुटलेला. त्या चाराने वहिनींच्या आयुष्याचं एक वर्ष खाल्लं होतं.

त्यांनी दांडी डोळ्यांजवळ नेली. मग दूर धरली. मग मांडीवर ठेवून पिशवी तिच्यावर टाकली.

आता आली का पंचाईत! बोलावं तर नवऱ्याचा चेहरा. इतका आनंदी चेहरा त्यांनी मुलगा झाला तेव्हाही पाहिला नव्हता. तेव्हा तो घाबरलेला होता. आणि बोलायचं म्हणजे ती बाही स्वतःच्या तोंडाने बाहेर काढायची. इतक्या वर्षांनी घरातली नवी पिढी त्या बाहीपासून वाचली होती. आक्कासाठी? ज्या आक्काने तेव्हा सगळ्यात जास्त दात काढले होते?

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. आक्का गॅससमोर उभी होती. गॅस पेटवलेलाच नव्हता.

"वन्सं, चहा असा होत नाही."

वहिनी एरवी आक्काच म्हणत. वन्सं म्हटलं की समजायचं, हवा गरम आहे.

"वहिनी, आत्ता टोमणे नकोत." आक्काने काडी ओढली. "एक पोरगी आहे माझ्याकडे. वर्षभर तिचे दोन्ही हात एकच वाजवायचे. डावा उजव्याच्या मागे मागे. मागच्या सोमवारी पहिल्यांदा डावा हात आपला आपण चालला. तिलाच कळेना, कोण वाजवतंय. खाली वाकून बघायला लागली, पियानोखाली कोणी बसलंय का." ती हसली आणि मग तिने पाठ फिरवली. "तिला आता बटणं दाबून पाऊस पाडायला सांगू?"

वहिनींनी चहात साखर घातली, ती दोनदा घातली. मग त्या म्हणाल्या, "मी आता एक गोष्ट बोलणार आहे. तुम्ही हसायचं नाही."

"कशाला हसू?"

"हसाल. पण माझं बोलून झाल्यावर हसा."

त्या बाहेर आल्या. पेन चालू झालं होतं.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "शेजारची पट्टी काढा."

"अगं, एकच काढायची ठरली होती," दादा म्हणाले.

"आक्का काढू देतील. देता ना हो?"

आक्काने मान हलवली. तिला काही कळलं नव्हतं, पण हसायचं नाही म्हटल्यावर तिचे ओठ आत्ताच हलायला लागले होते.

डॉक्टरने डावीकडची पांढरी पट्टी उपटली. तिच्यावरही निळे आकडे होते. साहेबांनी भिंग लावलं. "नऊ आणि तीन! त्र्याण्णव! बघा, त्र्याण्णवला काम सुरू झालं, अठ्ठ्याण्णवला संपलं. चांगला पियानो असा सावकाश होतो."

"पाच वर्षांत एक पट्टी पुढे?" डॉक्टर म्हणाला. "हे तर आमच्या पालिकेसारखं झालं."

"आता उजवीकडची काढा," वहिनी म्हणाल्या.

ती निघाली. साहेबांनी भिंग लावलं, काढलं, दांडी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "नऊ आणि... हा काय आकडा आहे?"

"पाच," वहिनी म्हणाल्या. "मराठी पाच. आणि तो नऊ नाही, एक आहे. तेरा, चौदा, पंधरा. सालं नाहीत साहेब. पट्ट्यांचे नंबर आहेत. सासूबाईंच्या हातचे."

"कशावरून?" दादांचा आवाज चढला.

वहिनी साहेबांकडे वळल्या.

"बाहीवरून."

हा शब्द पडला आणि खोलीत भिंतीसुद्धा सावध झाल्यासारखं वाटलं.

"माझी शाळा इंग्रजी," वहिनी साहेबांना सांगू लागल्या, कारण बाकी कुणाकडे बघण्याची त्यांची तयारी नव्हती. "लग्न होऊन आले तेव्हा मराठी आकडे वाचायची सवय नव्हती. सासूबाईंनी एका गिऱ्हाईक बाईचं माप दिलं. पाऊण बाही, आणि पुढे आकडा. चौदा इंच. मी वाचलं अठ्ठ्याण्णव."

"अठ्ठ्याण्णव इंच?" साहेब म्हणाले.

"नवी नवरी होते हो! विचारायची भीती. म्हटलं असेल फॅशन, गुंडाळून घेत असतील. कापत गेले. एक बाही कापून झाली तेव्हा कापडाचं टोक खोलीच्या दाराबाहेर होतं. आणि तिथे या उभ्या होत्या." त्यांनी आक्काकडे बोट दाखवलं. "म्हणाल्या, वहिनी, पोलकं बाईला शिवताय की नदीला?"

आक्काने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. खांदे गदगदत होते.

"झालं माझं बोलून," वहिनी म्हणाल्या. "हसा."

मग आक्का हसली. डॉक्टर हसला. साहेब हसायला तयार नव्हते, पण भिंगातून त्यांनी पुन्हा चौदा पाहिले आणि त्यांनाही राहवलं नाही. हसले नाहीत ते एकटे दादा.

"पण आई पियानोच्या पट्ट्यांवर नंबर कशाला घालेल?" ते म्हणाले. "तिला पियानोतलं काय कळत होतं?"

"बघू या," आक्का म्हणाली. "डॉक्टर, सगळे दात काढ."

एकेक पट्टी निघत गेली आणि जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर ओळीने मांडली गेली. पारखीसाहेब आता गप्प होते आणि गप्प राहून ते जास्त चांगलं बघत होते. मधोमध आल्यावर त्यांनी हात वर केला.

"लाकूड बदललं."

चादरीवर ते कुणालाही दिसलं असतं. डावीकडच्या पट्ट्यांचं लाकूड तांबूस, उजवीकडच्यांचं फिकट. तांबूस पट्ट्यांच्या अंगावर रंध्याच्या खुणा होत्या. कुणीतरी त्या तासून बारीक केल्या होत्या आणि त्यात कारखान्याचे ठोकलेले आकडे गेले होते. फिकट पट्ट्यांवर ते अजून होते. आणि पांढऱ्या चकतीवरची ती केसाएवढी रेघ फक्त डावीकडे होती.

"उजवीकडे हस्तिदंत नाही," साहेब म्हणाले. "सेल्युलॉइड आहे. म्हणून घामाने चिकटतं. बाई, तुम्ही मघाशी सांगत होतात आणि मी ऐकलं नाही." त्यांनी टॉर्च आत घालून बराच वेळ पाहिलं. "हा एक पियानो नाही. दोन आहेत. दोन मोडक्या पियानोंतून कुणीतरी एक जुळवलाय. एकाच्या पट्ट्या दुसऱ्यात बसवायच्या म्हणजे प्रत्येक दांडी तासायची, लावून बघायची, पुन्हा तासायची. आणि एवढ्या पट्ट्या एकदा मोकळ्या झाल्या की नंबर घातल्याशिवाय परत लागत नाहीत. एकजण तासत होता आणि दुसरं कुणीतरी नंबर घालत होतं."

मग आक्का म्हणाली, "दादा, आपल्याला त्या उन्हाळ्यात मावशीकडे का पाठवलं होतं?"

"आईला बरं नव्हतं."

"परत आलो तेव्हा तिने मला कडेवर घेतलं आणि माझा गाल निळा झाला. मला एवढंच आठवतं. बोटं निळी होती तिची. आणि पियानो होता."

दादा खाली बसले, अगदी चादरीच्या कडेला. त्यांनी तेरा नंबर उचलला, चौदा उचलला. आईचा चार त्यांनीही शेकडो वेळा पाहिला होता, दुधाच्या हिशेबात, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आज त्यांना आठ हवा होता म्हणून आठ दिसला.

"म्हणजे बाबा आयुष्यभर मला खोटं सांगत होते," ते म्हणाले.

"खोटं कुठे?" वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या. "तुम्हाला सांगितलं कप्तानाकडून आला. आक्कांना सांगितलं नाटकवाल्यांकडून. दोन पियानो आहेत ना? दोन्ही खरं असेल. फक्त मधला 'आणि' गाळला."

"तो झाकणावर लिहून ठेवलाय," आक्का म्हणाली. "अँड."

"आणि माझं काय?" डॉक्टरने विचारलं. "मला सांगितलं होतं, पत्त्यांत जिंकला."

सगळ्यांनी विचार केला. पारखीसाहेबांनी घसा साफ केला.

"ते स्टूल असेल," ते म्हणाले. "मी आल्या आल्या सांगितलं होतं, ते या पियानोचं नाही."

आता मात्र दादा हसले. आधी नाकातून, मग पोटातून. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि या वेळी तो पुसला नाही. डोळे पुसले.

"साहेब," ते म्हणाले, "मी सहा वर्षांचा होतो त्या उन्हाळ्यात. म्हणजे हा माझ्यापेक्षा..."

"लाकूड जुनं असेल हो," साहेब म्हणाले. "पण पियानो म्हणून तो त्या उन्हाळ्यातच जन्मला. तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान."

"म्हणजे थोरला मी?"

"तूच," आक्का म्हणाली. "मग मी. मग हा. मग डॉक्टर."

"म्हणजे मी शेंडेफळच राहिलो," डॉक्टर म्हणाला. "एवढं सगळं उपसून."

साहेबांनी कार्ड पुढे धरलं. "समितीला एक नाव आणि एक साल लागतं. शंभर वर्षं तर काही भरत नाहीत. मी काय लिहू?"

दादांनी कार्ड घेतलं. त्यांना आक्काने दिलेला शब्द आठवला आणि तो दोन्ही बाजूंनी दिलेला होता हेही आठवलं. त्यांनी कार्डाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"लिहू नका. समितीला मी सांगतो, आमचा पियानो सोमवारी मोकळा नसतो."

"आणि काचेची पेटी?" डॉक्टरने विचारलं.

"स्टूल ठेवू."

चहा आला. तो इतका गोड झाला होता की साहेबांनी तो चमच्याने प्यायला. ते गेल्यावर पट्ट्या परत बसवायचं काम निघालं आणि ते आक्का आणि वहिनींनी वाटून घेतलं. वहिनी चादरीवर बसून नंबर बघून पट्टी द्यायच्या, आक्का ती खिळ्यावर बसवायची. दादा दोघींच्या मधे टॉर्च धरून उभे होते. पारखीसाहेब तो विसरून गेले होते.

"अकरा," आक्का म्हणाली.

"घ्या."

"बारा. तेरा."

"घ्या."

"पुढची?"

वहिनींनी ती काळी पट्टी उचलली, पदराने पुन्हा एकदा पुसली, निळा आकडा उजेडात धरून नीट वाचला.

"अठ्ठ्याण्णव," त्या म्हणाल्या. "जपून घ्या आक्का. लांब आहे."

आक्काने पट्टी हातात घेतली, पण हसण्यामुळे तिला ती कितीतरी वेळ बसवता येईना.